टपावरचं ऊन

माझ्या मोठ्या जावेला घरात सगळे अक्का म्हणायचे, म्हणून मीही अक्काच म्हणत आले. लग्न होऊन मी सोलापूरच्या या घरात आले तेव्हा चुलीपासून नळापर्यंत सगळं त्यांच्या हातात होतं. आमचं फारसं जमलं नाही. भांडणं मोठी नसायची, पण रोजची असायची. मी दवाखान्यात नर्स होते, पाळ्या करून घरी यायचे. त्यांना वाटायचं ही बाहेर हिंडते, मला वाटायचं ह्या बसल्या जागेवरून हुकूम सोडतात. पुढं चुली वेगळ्या झाल्या. एकाच अंगणात कपडे वाळत घालायला दोन दोऱ्या आल्या, आणि एकीच्या दोरीवर दुसरीचा रुमालसुद्धा कधी पडला नाही.

मग आधी भावजी गेले, काही वर्षांनी माझे यजमान. मुलं आपापल्या नोकऱ्यांच्या गावी. मी निवृत्त झाले. दोन बायकांसाठी दोन कुकर लावायचे याचं मलाच हसू यायला लागलं, तेव्हा एका दुपारी मी माझा तवा उचलून अक्कांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. त्यांनी मांडणीवरचे दोन डबे सरकवून तव्याला जागा करून दिली, एवढंच.

अक्कांची फुप्फुसं आधीपासून नाजूक होती. घरात चादरीचे माग होते तेव्हा कांड्या भरायचं, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून द्यायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडं. सुताचा भुगा नाकातोंडात जायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. त्यात कोरोना झाला. त्यातून त्या उठल्या, पण पूर्वीसारख्या नाही. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी लावायला सांगितलं. ते हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीनं नाकात सोडतं. रात्री झोपताना ते लागायचंच, आणि दिवसा जरा चालणं-बोलणं जास्त झालं की पुन्हा लागायचं. त्याला वीज हवी, थोडीथोडकी नाही, आणि सारखी. घरात इन्व्हर्टर बसवला, जादा म्हणून ऑक्सिजनचा एक सिलिंडर कोपऱ्यात उभा केला. त्यानंतर अक्का उंबऱ्याबाहेर पडल्या त्या फक्त दवाखान्यासाठी. नात्यातली लग्नं, बारशी, सगळ्याला मी एकटी जायचे आणि परत येऊन त्यांना जेवणातले पदार्थ सांगायचे.

एका उन्हाळ्यात टीव्हीवर बातमी लागली होती. उजनी धरणाचं पाणी खूप खाली गेलंय, बुडालेल्या गावांची देवळं उघडी पडलीत. पडद्यावर काळ्या दगडाचं एक देऊळ दिसलं, भोवती भेगाळलेला गाळ. अक्का भाजी निवडत होत्या. हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"ते आमचं देऊळ हाय," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर करमाळ्याकडं, हे मला माहीत होतं. गाव धरणात गेलं हेही कधीतरी कानावर आलं होतं. पण चाळीसएक वर्षांत त्यावर आमचं कधी बोलणं झालं नव्हतं.

"तुम्ही नंतर कधी बघितलं का ते?" मी विचारलं.

"दर साली उघडं पडत न्हाय की. लईच आटलं तर पडतंय. आनि पडलं तवा मला कोण नेणार हुतं?" त्यांनी मेथी पुन्हा हातात घेतली. "आता तर काय, ह्या वायरीला बांदलेली मी."

बोलण्यात कुरकुर नव्हती. पाऊस नाही, तर नाही, अशा सुरात त्या बोलल्या. म्हणूनच ते मला जास्त लागलं असावं.

आमच्या अंगणात यजमानांची शाळेची गाडी उभी होती. पिवळी, लांबट व्हॅन. त्यांनी अनेक वर्षं तिच्यातून मुलांची ने-आण केली होती आणि सुट्टीच्या दिवसांत मला ती चालवायलाही शिकवली होती. ते गेल्यावर मुलीनं चारदा सांगितलं, विकून टाक. मी महिन्यातून एकदा ती सुरू करायचे, किल्ल्यापर्यंत फिरवून आणायचे आणि पुन्हा लावून टाकायचे. टीव्हीवर ते देऊळ बघितलं त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, या गाडीत मशीन चालवता आलं तर?

सात रस्त्याजवळ इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान असलेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. त्यांच्या आईची सेवा मी दवाखान्यात केली होती, त्यामुळं ते मला अजून सिस्टर म्हणतात. मी त्यांना सरळ सांगितलं की जिथं विजेचा खांबही नाही अशा ठिकाणी दोन रात्री मशीन चालायला हवं.

"सिस्टर, लोक हे गोव्याला फिरायला जायला करून घेतात. गाडीत पंखा, फ्रिज, मोबाईल," ते म्हणाले. "बंद पडलं तर त्यांची बिअर गरम होते. तुमचं तसं नाही."

"म्हणूनच तुमच्याकडं आले."

त्यांनी गाडीतली मागची बाकं काढली आणि एक लाकडी पलंग बसवून त्याखाली घरातल्या इन्व्हर्टरला असते तशी उंच, पाण्याची बॅटरी ठेवली. आम्ही शहराबाहेर एक चक्कर मारली. पहिल्याच खड्ड्यात बॅटरी कलंडली, ॲसिड सांडलं आणि असा उग्र वास सुटला की मलाच खोकला आला. आजारी फुप्फुसांचं माणूस या गाडीत झोपवायचं होतं! दोघांनीही एकमेकांकडं बघितलं आणि गाडी तशीच मागं वळवली. मग त्यांनी लिथियमची बॅटरी आणवली. आकारानं लहान, पाणी नाही, वास नाही. टपावर सोलरच्या दोन प्लेटा बसवल्या. गाडी धावताना इंजिनावरही बॅटरी भरत राहील अशी एक जोडणी केली. पलंगाशेजारी एक छोटा डबा लावला, त्यावर बॅटरी किती भरली आहे त्याचा आकडा दिसायचा.

अक्का हे सगळं दारातून बघायच्या. आमच्यात त्यावर बोलणं झालं नव्हतं. एका सकाळी मी प्लेटा पुसत होते तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्येच्यात ऊन भरतंय व्हय?"

"भरतंय की. दिवसा भरायचं आणि रात्री वापरायचं."

"आनि कुटं जायचं म्हनं?"

"तुमच्या देवळाला."

त्या आत निघून गेल्या. थोड्या वेळानं मी चहा करायला गेले तर ओट्यावर शेंगा भाजायला काढलेल्या. चटणी कुटायची तयारी. बाई प्रवासाला निघाल्या होत्या.

डॉक्टरांनी हो म्हटलं, पण सिलिंडर सोबत न्यायचा, तो फक्त अडचणीला वापरायचा आणि मशीनचा भरवसा वाटला नाही तर तिथं थांबायचं नाही, अशी तंबी दिली. जायच्या आधी आम्ही दारातच एक रात्र गाडीत झोपून बघितलं. मशीन सकाळच्या चहापर्यंत नीट चाललं.

पहाटे निघालो. मोहोळ गेलं, टेंभुर्णीला चहा घेतला आणि करमाळ्याच्या रस्त्याला लागलो. बॅटरीचा आकडा वर वर सरकत होता. अक्का पलंगावर टेकून बसल्या होत्या, नाकात नळी, आणि रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होत्या. एका फाट्यावर शाळेची गाडी समजून दोन मुलींनी हात केला. अक्कांनी खिडकीतून त्यांना "आजारी मानसाची गाडी हाय गं," असं सांगितलं आणि स्वतःच हसल्या.

धरणाकडं उतरणारा कच्चा रस्ता संपला आणि समोर नुसतं उघडं मैदान. जिथं एरवी पाणी असतं तिथं भेगाळलेला गाळ, मधूनमधून कुणी पेरलेली काकडी-कलिंगडाची हिरवी पट्टी, आणि दूर पाण्याची चकाकती रेघ. देऊळ एका उंचवट्यावर होतं. पाण्याच्या कडेला कोळ्याचं एक छप्पर होतं, दारात जाळी वाळत घातलेली. मी त्याच्याजवळच, जमीन कडक बघून गाडी लावली. छपरातून माझ्याहून थोडी लहान बाई बाहेर आली.

"शाळंची सहल हाय का?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. तिनं वाकून आत बघितलं, मशीनकडं, नळीकडं, आणि मग अक्कांना म्हणाली, "मावशे, ह्या उन्हात आलायसा? कुटलं घर तुमचं?"

अक्का हात करून दाखवायला लागल्या. देवळाच्या पाठीमागं, चावडीच्या अंगाला. पण चावडी नव्हती आणि काहीच नव्हतं. नुसते दगडांचे चौथरे, एकासारखे एक. त्या दिवशी संध्याकाळी मी आणि कोळीण दोघीच तिकडं चालत गेलो. अक्कांनी गाडीतून खुणा सांगितल्या होत्या. दारापुढं बैलांना पाणी पाजायची दगडी डोण, आणि उंबऱ्याच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. डोण सापडली. अर्धी गाळात, पण होती. तिच्यासमोरच टवका उडालेला दगडी उंबरा.

परत येऊन सांगितलं तेव्हा अक्कांनी माझा हात धरला आणि धरूनच ठेवला. त्याआधी त्यांनी माझा हात असा कधी धरलेला मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी विसावा घेऊन, उन्हं उतरल्यावर अक्कांना तिथं न्यायचं ठरलं. जाऊन आल्यावर त्यांना मशीन लागणारच, आणि मग पूर्ण रात्र. तेवढी वीज बॅटरीत हवी.

रात्र चांगली गेली. सकाळी आकडा बराच खाली आला होता, पण ते धरलेलंच होतं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. असं ऊन असल्यावर दुपारपर्यंत बॅटरी भरून वाहील, असं मी अक्कांना सांगितलं. सकाळी आकडा हळूहळू चढलाही. ऊन तापलं तसा तो थांबला. मी डब्यावर टिचकी मारली, प्लेटा पुसल्या, वायरी हलवून बघितल्या. एक लाल दिवा लागला होता. डोक्यावर सूर्य आग ओकत होता आणि बॅटरीत थेंबभर काही जात नव्हतं.

मशीन बंद करून मी अक्कांना छपराच्या सावलीत बसवलं. ऑक्सिजन मोजायचं यंत्र बोटाला लावलं. बसून होत्या तोवर ठीक होतं. पण असंच राहिलं तर संध्याकाळच्या आत निघावं लागणार होतं, आणि त्यांना चौथऱ्यापर्यंत न्यायचा प्रश्नच नव्हता. मी देवळाच्या उंचवट्यावर चढले, तिथं मोबाईलला रेंज येत होती, आणि दुकानदारांना फोन लावला.

"बॅटरीला हात लावून बघितला का?" त्यांनी विचारलं.

"चटका बसतोय."

"मग तिनंच दार लावून घेतलंय, सिस्टर. जास्त तापली की ती चार्ज घेत नाही. स्वतःला वाचवते. बिघडलेलं काही नाही."

"इंजिन सुरू करून भरू?"

"तरी घेणार नाही. तिला आधी थंड करा. गाडी म्हणजे पत्र्याची भट्टी झालीय. वारा द्या, सावली द्या. पण सावलीत गाडी लावाल तर टपावर ऊन लागणार नाही, ते बघा." मग जरा थांबून म्हणाले, "माझं चुकलं. ती पलंगाखाली कोंडून ठेवायला नको होती. पावसाळ्याचा विचार केला, उन्हाळ्याचा नाही."

मी खाली आले. कोळीण छपरात मासे वेगळे करत होती, तिचा नवरा थर्माकोलच्या पेट्या भरत होता. संध्याकाळी व्यापाऱ्याचा टेंपो यायचा. मी तिला सांगितलं की बॅटरी तापली आहे, ती थंड झाली नाही तर आम्हाला निघावं लागेल. टपाला ऊन हवं आणि पोटाला गारवा, असं अवघड काम होतं ते.

तिनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं पेटीकडं बघितलं. पेटीत बर्फ होता.

"निम्मा देऊ की," तो म्हणाला.

"तुमचे मासे?"

"वल्ल्या पोत्यात ऱ्हात्यात की सांजपतूर," कोळीण म्हणाली. "आमी काय बर्फ आसताना बी जगलो आनि नसताना बी."

मग आम्ही तिघं कामाला लागलो. गाडीची पाठ पाण्याकडं केली, कारण वारा तिकडून येत होता. मागचं दार सताड उघडलं, त्यावर पाण्यात भिजवलेली दोन बारदानं टांगली. पलंगाच्या फळ्या काढून बाहेर ठेवल्या. आमच्याजवळच्या चादरी आणि त्यांच्या घरातली एक वाकळ उन्हाकडच्या खिडक्यांवर बांधली. बर्फाचे दोन खोके बॅटरीच्या दोन्ही बाजूंना ठेवले, पाणी वायरींना लागणार नाही असे, आणि पुढं छोटा पंखा लावला. टप तेवढा उघडा, उन्हात.

हे सगळं चाललं असताना मला एकदम आठवलं ते वेगळंच. बर्फ माशांचा होता. गाडीभर माशांचा वास सुटला होता. आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. शेजारच्या घरात काही शिजलं तर अक्का खिडक्या लावून घ्यायच्या, आणि त्यावरून एकदा शेजारणीशी मोठं भांडण झालं होतं. आता त्यांच्या पलंगाखाली माशांच्या पेटीतला बर्फ. मी छपरात जाऊन त्यांना चाचरत सांगितलं.

अक्का मोकळेपणानं हसल्या. हसताना खोकला आला, पाठीवर हात फिरवावा लागला.

"अगं, मला दम पायजे," त्या म्हणाल्या. "वास कसा का आसंना."

थोड्या वेळानं त्या कोळणीला विचारायला लागल्या, कुठला मासा कसा ओळखायचा. तिनं एकेक उचलून दाखवला. अक्का तोंडावर पदर धरून का होईना, पण बघत होत्या.

बर्फ वितळत गेला. मी बॅटरीवर हात ठेवून ठेवून बघत होते, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवतात तसा. आधी चटका, मग नुसती ऊब. लाल दिवा कधी गेला ते मला कळलं नाही. कोळ्यानंच सांगितलं, "बाई, आकडा हालला." खरंच हलला होता. एकानं. आम्ही तिघंही त्या डब्यापुढं वाकून उभे होतो. आणखी एकानं हलला तेव्हा कोळीण टाळी वाजवून अक्कांना सांगायला पळाली.

दुपार कलली तरी ऊन भरपूर होतं. बॅटरी पूर्ण भरली नाही, पण रात्र निघेल इतकी भरली. उन्हं उतरल्यावर कोळी हातात बांबू घेऊन गाडीपुढं चालायला लागला. जमिनीत बांबू खुपसून कडक जागा बघायचा आणि हातानं मला बोलवायचा. मी पहिल्या गिअरवर, त्याच्या मागं मागं. एकदा चाक रुतलं, त्यानं आणि कोळणीनं पोती टाकून ते काढलं. अशी आमची गाडी देवळाला वळसा घालून त्या डोणीपाशी पोचली. लांब वायर सोडली. मशीन चौथऱ्यावर ठेवता आलं.

अक्का गाडीतून उतरल्या, माझ्या खांद्याचा आधार घेऊन चार पावलं चालल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. मी नळी नाकात लावली, मशीन सुरू केलं. त्या उघड्या माळावर ते घरच्यासारखंच घोंघावायला लागलं.

त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडल्या नाहीत. घर दाखवायला लागल्या. हितं चूल. हितं पाण्याचा रांजण, त्याच्या बाजूला आईची बसायची जागा. तितं माळवदावर जायचा जिना, जिन्याखाली आम्ही पोरी लपायचो. भिंत एकही नव्हती, पण त्या बोट दाखवायच्या आणि मी मान वळवून बघायचे, जणू काही दिसतंय. कोळीण कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"जायच्या दिवशी बैलगाड्या भरल्या," अक्का सांगायला लागल्या. "दारं, चौकटी, वासं, सगळं काढून न्हेलं. घर उगडंबोडकं. आनि आईनं सारवाय काढलं. अप्पा वरडलं, म्हनलं पानी येणार त्या घराला कशाला सारवतीस? आई म्हनली, पानी आलं म्हंजे पावनंच आलं की. घाणीत कसं घ्यायचं त्येला घरात?"

कोळीण कमरेवरचे हात सोडून खाली बसली. 

"बारा वर्सांची असंन मी," त्या म्हणाल्या. "शेणाची पाटी मीच दिल्याली तिला."

मग त्यांनी आजूबाजूला बघितलं. चौथऱ्यावर गाळाचे पोपडे होते, शिंपले होते, वाळलेलं शेवाळ. त्या वाकायला गेल्या आणि धाप लागली म्हणून पुन्हा टेकून बसल्या.

"जरा झाडून घे की," त्या मला म्हणाल्या.

आयुष्यभर त्यांनी मला ज्या आवाजात कामं सांगितली, तोच हा आवाज. त्या आवाजावर मी किती वेळा धुसफुसले असेन. कोळीण पळत जाऊन छपरातला खराटा घेऊन आली. मी पदर खोचला आणि ते बिनभिंतींचं घर झाडायला लागले. कोपरे आधी. अक्का उंबऱ्यावरून सांगत होत्या, "तितं ऱ्हायलं. चुलीम्होरं. हां, तितंच." झाडता झाडता मलाच रडू यायला लागलं. धूळ उडत होती, त्यामुळं ते कुणाच्या लक्षात आलं नसावं. सारवण कधीच धुऊन गेलेलं, खाली चांगली सपाट फरशी निघाली. अक्कांनी तिच्यावर तळहात ठेवला. दिवसभराच्या उन्हानं ती अजून गरम होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना अक्कांनी शेंगाचटणीचा अख्खा डबा कोळणीच्या हातात दिला. तिनं गाडीच्या टपावर दोन तांबे पाणी ओतलं, "वाटंत तापू नगा," म्हणून. रस्त्यात टेंभुर्णीच्या अलीकडं अक्कांना झोप लागली. बॅटरी भरत होती. काचा उघड्या ठेवूनही माशांचा वास काही जात नव्हता, आणि पुढं आठवडाभर गेला नाही.

दुकानदारांनी बॅटरी पलंगाखालून काढून पुढं, मोकळ्या जागी बसवली. खालून-वरून वारा जाईल अशी जाळी लावली आणि गाडीला पांढरा रंग देऊन घेतला. त्यांनी त्यात स्वतःहून इतका जीव ओतला की मला संकोच वाटला. त्या पावसाळ्यात धरण भरलं. टीव्हीवर पाणी दाखवत होते, सगळीकडं सपाट. अक्का बघत होत्या.

"गेलं परत," त्या म्हणाल्या, आणि लगेच माझ्याकडं वळल्या. "तुजं माहेर काय बुडाल्यालं न्हाय. ते हाय की जाग्यावर. मी कवा बगितलं बी न्हाय."

खरं होतं. माझं माहेर अक्कलकोटच्या खाली, सीमेजवळ, घरात बोलणं कानडी. माझ्या लग्नानंतर सासरचं कुणी तिकडं फिरकलं नव्हतं. आईवडील गेल्यावर माझंही जाणं कमी झालं होतं. थंडी पडल्यावर आम्ही गेलो. भावाची वस्ती शेतात, गाडी थेट विहिरीपर्यंत गेली. भाऊ वायर घेऊन आला, घरातून लाईट ओढून देतो म्हणाला.

"नगं," अक्का म्हणाल्या. "आमची आमच्याजवळ हाय."

माझी भावजय हात पुसत बाहेर आली. "बर्री अक्का, ऊटा आतेन री?" तिनं विचारलं. या, जेवण झालं का, एवढंच. अक्कांना सोलापुरात राहून तेवढं कानडी समजत होतं, पण बोलायची सवय नव्हती. त्यांनी मोडक्या कानडीत काहीतरी उत्तर दिलं. भावजय हसली आणि मोडक्या मराठीत काहीतरी बोलली. चिंचेखाली बाज टाकली. मशीन बाजेच्या पायाशी लावलं. भावजयीनं ज्वारीचा हुरडा आणला, अक्कांनी नळी जरा सरकवून एकेक दाणा चघळत खाल्ला.

प्लेटांवर वाटेतली धूळ बसली होती. मी शिडी लावून टपावर चढले आणि ओल्या फडक्यानं पुसायला लागले. खाली त्या दोघी बोलत होत्या. एकीची भाषा दुसरीला निम्मीच कळत होती, तरी बोलणं काही थांबत नव्हतं.